कोऱ्या पाण्याची बाटली

बाटली खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा, आतलं पाणी घटकाभर न्याहाळायचं आणि मग विचारायचं, "कोऱ्याचं काय आलं?" नाशिकच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मावशींची ही सवय. समोर विद्यार्थी असो, मी असो की विभागप्रमुख, प्रश्न हाच.

कोरं म्हणजे ब्लँक. ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणी आधी मशीनला द्यायचं. त्यातही मशीनने काही दाखवलं, तर चूक आपली. आम्ही हे पुस्तकातून शिकवायचो. मावशी दहावीपर्यंतही शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना ते आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या हुद्द्याचा आणि अकलेचा काही संबंध नसतो.

पोरांनी काचेची भांडी नुसती विसळली की त्या परत नळाखाली पाठवायच्या. "पानी दाखवलं म्हंजे धुतलं नाय होत!"

पाण्यातला पारा मोजायचं मशीन आलं तेव्हा मी हुरळून गेलो होतो. बी.एस्सी.च्या पोरांना असं मशीन हाताळायला मिळतं कुठे! मावशींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पण नारळ व्हरांड्यात फोडायला लावला. "आत शितोंडे नकोत, सर. कोरं बिघडंल."

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आपापल्या घराजवळचं पाणी आणायला सांगितलं. निफाडकडची एक मुलगी वस्तीवरच्या विहिरीचं पाणी शनिवारीच देऊन गेली. तिच्या प्लास्टिकच्या बाटल्या मी कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी कपाटात ठेवल्या. बाकीच्यांनी सोमवारी सकाळी आणलं.

सगळ्यांचं पाणी स्वच्छ निघालं. तिच्या विहिरीत मात्र पारा! तीनदा तपासलं, तीनदा तेच. पोरीचं तोंड उतरलं. तिने घरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील दारात हजर झाले. चार घरं त्या विहिरीवर पाणी पीत होती, द्राक्षांची काढणी आठवड्यावर आली होती.

"लिहून द्या, सर," ते म्हणाले. "सरपंचाला दाखवतो. इहीर बंदच करावी लागंल."

मी कागद पुढे ओढला. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोऱ्याचं काय आलं?"

"शून्य, मावशी. तिन्ही वेळा," मी जरा चिडूनच म्हणालो.

"ते कोरं तुमी ताजं काढलं. हिचं पानी दोन दिस त्या कपाटात व्हतं. मंग कोरं बी तसल्याच बाटलीत दोन दिस तिथंच ठिवा. तवर कागद नाय."

"पण कपाटाचा काय संबंध?"

मावशींनी कपाटाखाली बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तिथं पारा हाय, सर. मीच लोटलाय."

नव्याने कामाला लागल्या तेव्हा त्यांच्या हातून पाऱ्याचं एक उपकरण फुटलं होतं. नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी सगळा पारा केरसुणीने कपाटाखालच्या फटीत लोटला आणि कुणाला सांगितलं नाही. आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. त्या मुलीच्या वडिलांसमोर, पोरांसमोर, माझ्यासमोर त्यांनी ते सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

पाऱ्याची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी कपाटातलं कोरं पाणी मशीनला दिलं. आकडा वर चढला, थेट विहिरीच्या पाण्याएवढा! मग वडिलांनी त्याच सकाळी काचेच्या बाटलीत आणलेलं विहिरीचं पाणी दिलं. शून्य. पोरांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मुलगी तिथूनच फोनवर ओरडत होती, "आई, मोटार चालू कर! पाणी चांगलंय आपलं!" तिचे वडील मावशींच्या पाया पडायला वाकले, तर त्या मागे सरकल्या. "पाया कसले पडता? पारा माझाच व्हता ना!"

कपाट हलवून आम्ही गंधकाची पूड टाकली आणि फटीतला पारा गोळा करून बाटलीत बंद केला. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशींविरुद्ध एक ओळही लिहिली नाही.

निरोपाच्या दिवशी शालश्रीफळ झालं. शेवटी ती मुलगी उठली आणि त्याच विहिरीच्या पाण्याचा पेला मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला.

"कोऱ्यासकट तपासलं?"

"तपासलं, मावशी."

मग त्यांनी तो ओठ न लावता, एका दमात रिकामा केला. "लय गोड हाय," म्हणाल्या आणि अजून मागितलं.

आता मावशी गावाकडे असतात. त्यांची फार आठवण येते. प्रात्यक्षिकाला आजही नमुन्यांच्या शेजारी कोऱ्या पाण्याची एक बाटली असते. नमुने जिथे, तितके दिवस ती तिथेच. पोरं निकाल घेऊन धावत येतात. मी बाटली खिडकीकडे धरतो, एक डोळा मिटतो. पुढचं मला विचारावंच लागत नाही, पोरंच ओरडतात, "सर, कोरं शून्य!"