ग्रहणाच्या ग्रंथातल्या दोन ओळी

दौंडकरांनो, आणि माझ्यासारखं इकडं इस्राएलात येऊन राहिलेल्यांनो, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: ग्रहणाच्या गणिताचा जो जुना संस्कृत ग्रंथ मी हिब्रूत नेला, त्याच्या पहिल्या दोन ओळी मी कापल्या.

दौंड स्टेशनवर आप्पांनीच तो फडक्यात बांधून माझ्या हातात दिला होता. आप्पा न्हावऱ्याचे, शाळेतले आमचे संस्कृतचे मास्तर. रेल्वे कॉलनीतलं आमचं मराठी ज्यूंचं शेवटचं घर त्या दिवशी इस्राएलला निघालं होतं. आई सारखी बजावत होती, "तिकडं कुणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

आलो नाही. गोदामात शिफ्ट केल्या, हिब्रू घोटली, भाषांतराला लागलो. पण 'हा नक्की आपल्यातलाच ना?' हा प्रश्न मला प्रत्येक चेहऱ्यावर दिसायचा. आप्पांचा ग्रंथ हिब्रूत केला, तेव्हा प्रकाशकाच्या समितीत त्यावरून वाद पेटलेला. काही म्हणत, चंद्रसूर्याला कुठला धर्म? बाकीचे म्हणत, मूर्तिपूजकांचं शास्त्र चाळूनच घ्या. एका वृद्ध धर्मपंडितांनी सहज विचारलं, "सुरुवातीला काही आहे का?" ग्रंथ गणपतीच्या दोन ओळींच्या नमनानं सुरू होतो. मला वाटलं, हे ग्रंथ नाही, मलाच तपासतायत. "नाही," म्हणालो. त्यांनी खूश होऊन, पुस्तकात धर्माविरुद्ध काही नाही, असं संमतीपत्र दिलं. ते पहिल्या पानावर छापलं गेलं.

पुस्तक पोचल्यावर व्हिडिओ कॉलवर आप्पांनी ते, हिब्रू पुस्तक उघडतात तसं, बरोबर उजवीकडून उघडलं आणि त्या पत्रावर बोट ठेवलं.

"नमन ह्येच का रं?"

"हेच, आप्पा."

"दोन वळींच्या धा झाल्या?"

"हिब्रूत जरा लांबतं."

"तिकडं जाऊन देवबी लांबला म्हन की!" ते हसले. डोळे मात्र माझ्यावरच होते.

आप्पांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. गणपतीला ते हात जोडत नाहीत. मग हा श्लोक का शिकवता, असं शाळेत मी एकदा विचारलं होतं. "मला न्हाई पटत. पन लिवनाऱ्याला पटला हुता. आपुन कोन कापनार?"

यंदा न्हावऱ्याला गेलो. पुस्तक फळीवर होतं. संमतीपत्राच्या वरच्या कोऱ्या जागेत, आप्पांच्या अक्षरात, पेन्सिलीनं त्या दोन ओळी. मी मान वर केली.

"च्या घे, निवतोय," आप्पा म्हणाले.

मी कप उचलला.

आता घर म्हणजे माझ्यासाठी तेवढीच जागा, जिथं खोटं उघडं पडल्यावरही पुढ्यात चहा आला. त्या दोन ओळी हिब्रूत, पहिल्याच पानावर, आणि आप्पांना समोर बसून खरं सांगणं: एवढं मी अजून देणं लागतो.