तो गोल कुणाचा

विश्राम मधली रेघ ओलांडून पुढे जात नसे. मैदानाच्या मधोमध चुन्याची जी आडवी रेघ आखलेली असते, तिच्या अलीकडे तो थांबायचा आणि चेंडू पलीकडे गेला की कमरेवर हात ठेवून शेजारच्या घरातलं भांडण बघावं तसा बघत राहायचा. आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीमचा तो राइट बॅक, म्हणजे उजवीकडून बचाव करणारा, आणि मी गोलकीपर. समोर रान मोकळं असायचं, आमचे फॉरवर्ड हाका मारून घसा कोरडा करायचे, पण हा ढिम्म हलायचा नाही. एकदा आम्ही एका गोलनं मागे होतो, शिटी वाजायला आली होती, कॉर्नर मिळाला म्हणून मीसुद्धा गोल सोडून पुढे धावलो. जाताना पाहतो तर हा रेघेपाशी उभा. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाला, "पुढलं खातं माझं नाय." उभ्या जन्मात तो ती रेघ ओलांडून एकदाच गेला, आणि त्या एकदाबद्दल आम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत भांडलो.

हे खात्याचं खूळ गिरणीतलं. गिरणीत प्रत्येक विभागाला खातं म्हणत. विश्राम साचाखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे कामाला होता. तिथला रिवाज असा की दुसऱ्या खात्यातलं मशीन बंद पडलेलं दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही. आज आपण सहज हात लावला की उद्या साहेब म्हणणार, एका माणसात दोघांचं काम भागतंय, मग दुसरा कशाला हवा? रिवाज चांगलाच होता, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हा गृहस्थ तो मैदानात घेऊन आला. मी पुढे जाऊन गोल मारायला लागलो तर फॉरवर्डनं काय घरी बसायचं, असं तो विचारायचा. अरे बाबा, मॅच म्हणजे गिरणी नव्हे, असं मी म्हणायचो. त्यावर तो विचारायचा, टीम कुणाची? गिरणीचीच ना?

मागे मात्र त्याच्यासारखा बॅक मी पाहिला नाही, हे चिडलेलो असतानासुद्धा कबूल करावं लागतं. तो कुणाला आडवा पाय घालायचा नाही, ढकलायचा नाही, धापाही टाकायचा नाही. समोरचा चेंडू नाचवत यायचा आणि हा चेंडूकडे बघायचाच नाही. त्याच्या कमरेकडे बघायचा. "पाय फसवतात, कंबर फसवत नाय," असं त्याचं म्हणणं. कंबर ज्या बाजूला वळायला लागली त्या बाजूला हा आधीच जाऊन उभा, आणि चेंडू आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत यायचा. माझ्याकडे चेंडू इतका कमी यायचा की हिवाळ्यात हात गार पडायचे.

पण ही सवयही मैदानात ठेवून घरी यावं की नाही? विश्राम कुणाशीही बोलताना त्याच्या पट्ट्याकडे बघून बोलायचा. माझ्या मोठ्या बहिणीसाठी, शालूताईसाठी, मीच त्याचं स्थळ सुचवलं आणि तो आमच्या वरळीच्या खोलीत मुलगी बघायला आला. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं सगळा वेळ सगळ्यांच्या कमरेकडे बघितलं. ताईच्या, माझ्या, आमच्या वडिलांच्यासुद्धा. आई मला गॅलरीत घेऊन गेली आणि म्हणाली, "ह्येची नजर काय बरी दिसना नाय माका." तो बॅक आहे म्हणून असं बघतो, हे तिला समजावताना मला घाम फुटला. ताई मात्र आतून हसत होती, आणि लग्न ठरलं.

लग्न झालं आणि माझ्या डोक्याचा ताप वाढला. गोलकीपरचं सगळं ओरडण्यावर चालतं. चेंडू मी घेणार असेन तर बॅकला एका शब्दात सांगायचं असतं: सोड. इतके दिवस मी 'सोड, विश्या' म्हणून बोंबलत आलो होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचला आई मैदानाकडेच्या ओट्यावर येऊन बसली आणि मी जावयाला अरेतुरे करतोय हे तिनं ऐकलं. घरी आल्यावर सगळ्यांदेखत तिनं मला फैलावर घेतलं. ताईच्या नवऱ्याला भावोजी म्हणायचं, तेही अहोजाहो करून, मग मैदान असो की घर. मला वाटलं, विश्राम हसेल आणि मला सोडवील. त्यानं गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाला, आई बरोबर सांगतात. तेव्हापासून मैदानात मी 'विश्या' म्हणून ओरडलो तर त्याला ऐकूच यायचं नाही. 'भावोजी, सोडा' म्हटलं की तो सोडायचा, पण एवढं लांबलचक बोलेपर्यंत चेंडू कुठल्या कुठे गेलेला असायचा. समोरच्या टीमची पोरं पोट धरून हसायची. मी तक्रार केली तर त्यानं मला लवकर बोलायची सवय करायला सांगितलं. इथे लिहिताना मी त्याला विश्राम म्हणणार आहे आणि 'तो'च म्हणणार आहे.

मग संप झाला. चाळीतली निम्मी माणसं गावाला गेली, उरलेली गेटवर आणि सभांना जायला लागली. मी मॅट्रिक होतो, म्हणून फोर्टातल्या एका कंपनीत कारकुनाची कच्ची नोकरी मिळाली. त्यांना टीमसाठी गोलकीपरही हवाच होता. विश्राम मात्र रोज सकाळी गिरणीच्या टीमची प्रॅक्टिस घ्यायचा. संप उठला की शील्डच्या मॅचेस लागतील, तेव्हा दम लागता कामा नये, असं सांगून तो माणसं गोळा करायचा. आधी दहा जण यायचे, मग पाच, मग एकटाच मैदानाला फेऱ्या मारायचा. ताई तोवर आजूबाजूच्या ऑफिसांतल्या लोकांसाठी चपात्या लाटायला लागली होती. तिचे हात संध्याकाळी खांद्यांच्या वर उचलत नसत. ते बघून मला विश्रामचा इतका राग यायचा की त्याच्याशी जावयाच्या मानानं बोलणं जड जायचं.

अशात आमच्या कंपनीच्या टीमला बॅक हवा झाला. जो बॅक निवडला जाईल त्याला डिस्पॅचमध्ये नोकरी मिळणार होती. मी कोचसाहेबांना गळ घातली आणि विश्रामसाठी ट्रायल मिळवली. कोचसाहेब कडक इस्त्रीतले गृहस्थ. त्यांना नव्या तऱ्हेचा खेळ हवा होता आणि बॅकनं पुढे पळत गेलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा विश्रामनं नुसती नकाराची मान हलवली. तिशी ओलांडलेल्या, संपावरच्या माणसाला ह्यानंतर दुसरी टीम विचारणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ताई पोळपाट पुसत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "एकदा जा पुढे. एकदाच. माझ्यासाठी." ह्यापूर्वी तिनं त्याच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. तो म्हणाला, बरं.

ट्रायलच्या मॅचला मीच गोलमध्ये होतो. मध्यंतरापर्यंत विश्रामनं एकालाही पुढे सरकू दिलं नाही, पण कोचसाहेब नुसते जांभया देत होते. नंतर चेंडू आमच्याकडे आला आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की विश्राम रेघेपाशी थांबला, त्यानं खाली बघितलं आणि तो पलीकडे गेला. गेला आणि परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखा अवघडून उभा राहिला. कुणीतरी त्याला पास दिला. हातात तापलेलं भांडं दिल्यासारखा त्यानं तो कसाबसा टोलवला, तो सरळ समोरच्या टीमच्या, कडेनं धावणाऱ्या विंगरच्या पायात. विंगर सुटला. विश्रामची जागा रिकामी, तिथून माझ्यापर्यंत चिटपाखरू नाही. मी जिवाच्या आकांतानं "भावोजी, मागे या" म्हणून ओरडलो, आणि त्यातलं अहोजाहो उरकेपर्यंत विंगर गोलसमोर डी-मध्ये होता. मी बाहेर धावलो. त्यानं माझ्या बाजूनं चेंडू सरकवला. गोल.

मॅच संपल्यावर कोचसाहेब विश्रामजवळ आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती धाव त्यांना आवडली होती. असाच बॅक त्यांना हवा होता, सोमवारी ऑफिसात येऊन भेट, असं ते म्हणाले. माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. मग ते माझ्याकडे वळले. गोल गोलकीपरचा आहे, हा बाहेर यायला कचरतो, ह्याला परमनंट करायचं की नाही ह्याचा विचार करावा लागेल, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मी हातमोजे काढत होतो. विश्राम बुटाच्या नाड्या सोडत बसला होता, तो उठला.

"साहेब, गोल माझा हाय," तो म्हणाला. "मी माझी जागा सोडली. गोलकीपरची काय चूक नाय."

साहेब हसले. त्यांनी हात झटकला, तू काळजी करू नकोस, तुझं काम झालं आहे, असं सांगितलं. इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. हा म्हणाला, "तसं नाय. ज्या धावंमुळं गोल खाल्ला, ती तुमाला चांगली वाटते. मी परत रेघंपलीकडं जाणार नाय. पळणारा पायजे तर दुसरा बघा." कोचसाहेबांचा चेहरा उतरला. ठीक आहे, एवढंच बोलून त्यांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. माझ्याबद्दल विचार करायचं मात्र ते त्या गडबडीत विसरले, आणि काही महिन्यांनी मी परमनंट झालो.

परतताना बसमध्ये मी त्याला जे काही बोललो ते सगळं अहोजाहो करून बोललो, आणि तेच फार कठीण गेलं. माझी वकिली करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? माझ्या बहिणीचा विचार केलात? तो खिडकीबाहेर बघत होता. वकिली नाही, गोल माझाच होता, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणाला. घरी ताईनं त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं. तो पाणी भरायला नळावर गेल्यावर तिनं मला विचारलं, "साहेब बोलत होते तेव्हा तू काय करत होतास?" मी म्हणालो, हातमोजे काढत होतो. त्यानंतर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि माझ्याशी पुष्कळ दिवस. मला तेव्हा त्याचा अर्थच लागेना. नोकरी घालवली त्यानं आणि ताईनं तोंड फिरवलं माझ्याकडून.

संप मोडला असं कोणी जाहीर केलं नाही, पण गिरणीचं गेट काही उघडलं नाही. विश्रामनं मिळेल ते केलं. गोदीवर हमाली केली, मग लोअर परळच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाला आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच राहिला. ताईच्या चपात्या चालूच राहिल्या. मी कंपनीतून रीतसर रिटायर झालो. दर गणपतीला आम्ही एकत्र जेवायला बसलो की तो गोल निघायचा. मी मांडी ठोकून सिद्ध करायचो की गोल तुमचाच होता, तुम्ही जागा सोडलीत. तो ताबडतोब कबूल करायचा: हो, माझाच. असं पटकन कबूल केल्यावर भांडणार कसं? एखाद्या वर्षी मी उलटी बाजू घ्यायचो: कदाचित मीच जरा उशीर केला असेल. त्यावरही तेच: नाय रे, माझाच. वरणभात कालवता कालवता तो हे इतक्या सहज बोलायचा की मला ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं. तो खरं बोलत असेल तर त्यानं मूर्खपणा केला होता. खोटं बोलत असेल तर माझी नोकरी त्यानं घालवलेल्या नोकरीवर उभी होती, आणि ते कळायला मला काही मार्ग नव्हता.

शेवटी तो हॉस्पिटलात होता. छातीत पाणी झालं होतं, बोलताना थांबायला लागायचं. मी संध्याकाळी भेटायला गेलो, ताई औषध आणायला खाली गेली होती. माझ्या पट्ट्याकडे बघत तो अचानक म्हणाला, "मधू, त्या दिवशी तू उशिरा निघालास."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ताडकन उठलो. एवढी वर्षं माझाच, माझाच म्हणालात, मग आता हे काय काढलंत? तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "तेव्हा बोललो असतो तर तुला ठेवला नसता," तो म्हणाला. माझा आवाज असा चढला की शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली आणि नर्सनं मला बाहेर काढलं. रात्रभर मी मनात मुद्दे जुळवत होतो. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं, जमीन ओली होती, विंगरचा पहिला स्पर्श लांब गेला तेव्हाच मी निघालो होतो. सकाळी सगळं पाठ करून मी हॉस्पिटलात पोचलो. विश्राम पहाटेच गेला होता.

ताई बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं विचारलं, काल एवढं काय भांडत होतात? मी सांगितलं, भावोजी म्हणतात तो गोल माझा होता.

"होताच," ती म्हणाली. "त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं."

मला असा संताप आला की आत जाऊन त्याला जाब विचारावा म्हणून मी बाकावरून उठलो. वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो, आणि मग परत येऊन ताईच्या शेजारी बसलो.