कापडाचं दुसरं टोक

तिला सगळे कडकबाई म्हणत. रस्त्याच्या वळणावर तिची लाँड्री होती. तिने खळ दिलेली कॉलर टेबलावर ठेवली तर ताठ उभी राही, आणि तीच खळ तिने स्वभावालाही दिली आहे असं गिऱ्हाइकं म्हणत, अर्थात ती आतल्या खोलीत गेल्यावर. कुणी शाईचा डाग पडलेला शर्ट आणला की ती आधी डागाकडे बघे, मग माणसाकडे. "लिहायला कागद नव्हता का घरात?" एवढं बोलून झाल्यावरच ती पावती फाडे. पण डाग निघे. तिच्या हातून डाग निघाला नाही असं फारसं झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी मात्र दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असे. त्या वेळी ती चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड धुई. पांढरं, जाड, मेजाच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत लोंबेल एवढं लांब. हे काम ती सव्वीस वर्षं करत होती आणि त्याचा एक पैसाही तिने कधी घेतला नव्हता. "कुणी अर्पणाचं पाकीट टाकतं, मी हात टाकते," असं ती म्हणे. इस्त्री झाली की कापडाची घडी घालायची नाही, पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळायचं, म्हणजे मेजावर एकही मोड दिसत नाही. हे सगळं तिने आपल्या धाकट्या जावेला शिकवलं होतं.

कारण एवढं मोठं ओलं कापड पिळायला दोघी लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट दिशांना पिळत जायचं. वीस वर्षं दुसरं टोक धाकटीच्या हातात होतं. गेली सहा वर्षं ते मागच्या अंगणातल्या नळाला बांधलेलं असे. नळ मुकाट्याने टोक धरून ठेवी, पण उलटा पीळ काही देत नसे. कापड नीट पिळलं जात नसे, वाळायला दुप्पट वेळ लागे, आणि कडकबाईचे खांदे सोमवारपर्यंत ठणकत राहत.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी, पहाटे वीज नसताना कंदिलाच्या उजेडात इस्त्री करून गुंडाळलेलं कापड मेजावर पसरलं, तेव्हा त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गंजाची तपकिरी रेघ होती. सगळी मंडळी बघत होती. उपासना संपायची होती, तरी कडकबाई उभी राहिली आणि जावेकडे बोट दाखवून म्हणाली, "वाळत हिने घातलं होतं. हिच्या हाताला देवाचं काम सोसत नाही." धाकटीने पर्स उचलली, मधल्या वाटेने बाहेर गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

घरी आल्यावर कडकबाईने अंगणात जाऊन पाहिलं. शुक्रवारी दोरी तुटली होती, म्हणून तिने स्वतःच लोखंडी तार बांधली होती. ती तार तिने सोडली, गुंडाळली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. कुणाला सांगितलं नाही. विचारणारंही कुणी नव्हतं.

मग या वर्षी नवे पाळक आले. तरुण, सडपातळ, आणि घरोघरी जाऊन बसणारे. एका शनिवारी संध्याकाळी कडकबाई नळी काखेत मारून चर्चमध्ये आली, तर ते मेजापाशी उभे होते.

"बाई, ते तिथे बाकावर ठेवा. उद्या मेजावर घालायचं नाही."

"का? काय झालं कापडाला?"

"कापडाला काही नाही. काल मी तुमच्या जावेकडे गेलो होतो."

"अस्सं! म्हणजे तिने कान भरले."

"तिने फक्त दार उघडलं. उपासनेला या म्हटलं, तर म्हणाली, जिथे ते कापड आहे तिथे मी पाय ठेवणार नाही."

"मग नको ठेवू म्हणावं! पाळकसाहेब, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे धुतेय. फुकट."

"फुकट नाही, बाई. त्याची किंमत तिने दिली." त्यांनी मेजावर हात ठेवला. "अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आठवलं, की कुणाच्या तरी मनात आपल्याबद्दल सल आहे, तर त्याने काय करावं, हे येशूने सांगितलंय. अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी त्या माणसाकडे जायचं. आपल्या मनात राग आहे का, ते विचारलेलं नाही. समोरच्याच्या मनात आहे का, ते विचारलंय."

"मला शिकवू नका. मला सगळं पाठ आहे."

"म्हणूनच म्हणतो, कापड इथे ठेवा. कुणी हात लावणार नाही."

कडकबाईने नळी बाकावर आपटली आणि निघाली. दारातून ओरडली, "उघड्या लाकडावर घाला देवाला जेवायला!"

दुसऱ्या दिवशी मेज खरंच उघडं होतं. मधोमध कधीकाळी ठेवलेल्या गरम भांड्याचा काळा गोल दिसत होता. लोक मेजाकडे बघत, मग तिच्याकडे. भाकरीचं ताट पुढे आलं तेव्हा तिने मान हलवून ते तसंच पुढे जाऊ दिलं. गाणं सुरू झालं, पण तिने गीतांचं पुस्तक उघडलंच नाही. बाकावर पडलेली नळी तिला जागेवरून दिसत होती.

जेवण न करताच ती धाकटीच्या घरी गेली. समेटाला नव्हे, भांडायला. धाकटी मागच्या अंगणात पलंगाची चादर धूत होती. आता ती एका हॉटेलात चादरी धुण्याच्या कामाला होती आणि रविवारी घरच्या.

"झालं समाधान?" कडकबाई फाटकातूनच म्हणाली. "मला मंडळीपुढे उघडं पाडलंस."

"मी घरात बसून होते, ताई. उघडं पाडायला माणसाने बाहेर यावं लागतं. ते तुम्हाला छान जमतं."

"जीभ बघा! सहा वर्षांत धार लावलीस की."

"एकटीला दुसरं काम काय होतं?"

बोलता बोलता धाकटीने चादर पाण्यातून वर काढली. ओझ्याने ती एका बाजूला वाकली. आणि कडकबाईने, काही विचार न करता, दुसरं टोक पकडलं. दोघी पिळू लागल्या. पाणी धो धो गळू लागलं.

"उजवीकडे पीळ, उजवीकडे," कडकबाई खेकसली.

"माहितीये मला. तुम्हीच शिकवलंय. डाग मात्र मी पाडते!"

कडकबाईचे हात थांबले. समोरून आलेला पीळ तिच्या मनगटात चढला. किती दिवसांत हा जोर तिला जाणवला नव्हता.

"तार मी बांधली होती," ती म्हणाली. "दोरी तुटली म्हणून. तू अंधार पडल्यावर वाळत घातलंस, तुला दिसली नसेल."

धाकटीने आपलं टोक सोडलं. पीळ सुटून चादर गरकन फिरली आणि मातीत पडली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दुपारी."

"त्याच दुपारी!" धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्या आईला त्या चर्चमधून शेवटचं नेलं, ताई. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. आणि तुम्हाला त्याच दुपारी कळलं होतं."

"अगं, मी—"

"माझ्या अंगणात नको. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर बोला. निघा आता."

तो आठवडा गिऱ्हाइकांनी जपून काढला. बुधवारी तिच्या हातून एक शर्ट जळला. असं कधी झालं नव्हतं. शर्टाचा मालक आला, त्याला ती काहीच बोलली नाही, नवीन शर्टाचे पैसे मोजून दिले. तो घाबरूनच घरी गेला.

रविवारी अर्पणाच्या वेळी पाळकांनी ताट पुढे केलं, तशी कडकबाई उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी उभी होती त्याच जागी.

"गंजाची तार माझी होती," ती म्हणाली. "जावेची नव्हती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. एवढंच." मग मागच्या बाकावर कुजबुज झाली, तशी वळून म्हणाली, "ऐकू आलं ना सगळ्यांना? मग पुन्हा विचारायला दुकानात येऊ नका."

धाकटी आलेली नव्हती. कुणीतरी संध्याकाळपर्यंत तिला सांगेल, याची मात्र कडकबाईला खात्री होती. या मंडळीत बातमीला पाय नव्हे, चाकं होती.

उपासनेनंतर पाळकांनी नळी उचलून तिच्यापुढे धरली. "आता घाला मेजावर."

"आठ दिवसांची धूळ बसलीय. धुतल्याशिवाय नाही घालणार," ती म्हणाली आणि नळी घेऊन गेली.

शनिवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून तिने अंगणात कापड पाण्यात टाकलं. घासलं, खळबळलं, वर काढलं. एक टोक घेऊन ती नळाकडे वळली, तर फाटकाशी धाकटी उभी होती. हातात नायलॉनच्या दोरीचं नवं कोरं भेंडोळं.

"तुमच्या दोरीवर माझा भरवसा नाही," धाकटी म्हणाली.

"दोरी चांगली आहे माझी."

"बघू ना." तिने अंगणातली दोरी ओढून पाहिली, सोडली, आपली बांधली आणि गाठ दोनदा तपासली. मग हात पुसत म्हणाली, "मी माफ केलेलं नाही, ताई. आधीच सांगून ठेवते."

"मी मागितलीय का?"

"नाही ना. तेच तर."

कडकबाई हातातल्या टोकाकडे बघत राहिली. पाणी तिच्या चपलांवर गळत होतं.

"मागते," ती शेवटी म्हणाली, असं काही रागाने, की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

खाली वाकून धाकटीने पाण्यातून कापडाचं दुसरं टोक शोधून काढलं, मुठीत नीट धरलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"उजवीकडे," कडकबाई म्हणाली.

"माहितीये मला."