बुवांची करंगळी

"हा हात बाबांचा नाही," सुमनताई म्हणाल्या आणि त्यांनी ब्रॉन्झवर कापड परत टाकलं.

अंबडच्या फाउंड्रीत मी तेव्हा सुपरवायझर होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झेंडू-शेवंती पिकवून बाजारात नेली. मेटलर्जी शिकलेला मी पहिला. धातूच्या बाबतीत कुणी ऐकवलेलं मला चालत नसे.

"ताई, साचा थेट बुवांच्या हातावरून घेतलाय."

"मग करंगळी बघा ना."

सुमनताईंचे वडील पखवाजवादक. तरुणपणी करंगळी मोडली ती वाकडीच बसली, आणि तशीच घेऊन ते जन्मभर वाजवत राहिले. मुंबईच्या एका शिल्पकाराने त्यांच्या हाताचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून कागदावर घेतलेले छाप, आणि ब्रॉन्झचे मोजके नग करायला घेतले. मध्येच बुवा गेले. एक नग ताईंना द्यायचा ठरला होता. त्यासाठी त्या नांदगावहून आल्या होत्या.

भिंतीला टेकवलेल्या लिथोत करंगळी वाकडी होती. ब्रॉन्झमध्ये सरळ.

मी रामभाऊंना बोलावलं. ब्रॉन्झ ओतण्याआधी साच्यातून मेणाचा नग काढतात आणि त्याची सफाई करतात. ते काम त्यांचं. अख्खं आयुष्य देवांच्या मूर्ती घडवण्यात गेलेलं.

"परत्येक नगाला बोट वाकडं येत व्हतं साहेब. म्हनलं, साचाच बिघडलाय. गरम सुरी लावून सरळ केलं. वाकड्या बोटाचा देव कोन देव्हाऱ्यात ठेवंल?"

"अहो, हा देव नाहीये!"

"ते मला कोन बोललं? निस्ता हात दिला माझ्याकडं."

शिल्पकार नग पास करून गेले होते. त्यांचं सगळं लक्ष ब्रॉन्झच्या रंगावर.

"दुसरा ओता," ताई म्हणाल्या.

मला सांगावं लागलं. लिमिटेड एडिशनमध्ये ठरलेले नग झाले की साचा नष्ट करतात, पुढे कुणी जास्तीचे काढू नयेत म्हणून. साचा कापून झाला होता. बुवांच्या हातावरून आधी घेतलेला प्लास्टरचा मूळ हातही फोडला होता.

"मग हेच बोट वाकवा."

"तुटेल, ताई."

"तुटू दे. बघा तरी."

गॅसच्या टॉर्चने तापवून बोट पकडीत धरलं. जरा जोर दिला आणि करंगळी मुळापासून निघून आली. रामभाऊ मान खाली घालून बाहेर गेले.

मी लिथो पुढे केला. "हा न्या. यात बरोबर आहे."

"कागदाचा हात धरता येतो का हो?"

ऑफिसमधून त्यांनी शिल्पकाराला फोन लावला. "नगांखालच्या पट्टीवरून बाबांचं नाव काढून टाका."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, मग कुणाचे हात म्हणून विकू?"

"कुणाचेही. बाबांचे नाहीत."

नाव निघालं. पट्टीवर नुसतं 'पखवाज' राहिलं. प्रदर्शनात सगळे नग गेले. करंगळीबद्दल कुणीही विचारलं नाही. ताई रिकाम्या हाताने नांदगावच्या एसटीत बसल्या.

आता कुठलंही काम मेणावर घेण्याआधी मी कारागिराला सांगतो, हे कुणाचं आहे आणि यातलं काय वाकडंच ठेवायचं आहे.