पाठमोरे टाकीबाबा

ओवी आणि निनाद, तुम्हाला एका माहितीपटाची लिंक पाठवली आहे. तो बघण्याआधी हे वाचा. त्यात टाकीबाबा सबंध वेळ पाठमोरे दिसतात, आणि ते घडवत असलेल्या मूर्तीचे पुढे काय झाले हे त्यात नाही. गेल्या महिन्यात बाबा गेले, म्हणून आता लिहिते.

राहुरीजवळ आपल्या शेताच्या बांधाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. दगड घडवायच्या छिन्नीला ते टाकी म्हणत. तिच्या आवाजावरून गावाने त्यांना हे नाव दिले. बोलताना ते माणसाकडे वळत नसत, तोंड दगडाकडेच. मी एकदा रागावले, तर म्हणाले, "बाई, तुमचं तोंड मला पाठ हाय. ह्याचं अजून व्हायचंय."

सत्काराला, प्रदर्शनाला ते कधी गेले नाहीत. गावोगावच्या देवळांत त्यांच्या मूर्ती आहेत, एकीवरही नाव नाही. कामाची रीत मात्र पक्की होती. आधी दगडावर गेरूने चेहरा काढायचा आणि मग नुसते बघत बसायचे. रेघ मनाला पटली तरच टाकी.

पुण्याहून मीरा नावाची मुलगी फिल्म करायला आली, तेव्हा त्यांनी अट घातली, "हात घ्या, दगड घ्या. मला पाठीमागून." त्या वेळी ते आपल्या बायकोची, तुळसाबाईंची मूर्ती करत होते. त्या जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. अंग घडून झाले होते. चेहरा अजून गेरूतच होता, पुष्कळ खोडाखोडीनंतर मनासारखा उतरलेला. मीराने तो पहिल्याच दिवशी टिपला.

दुसऱ्या दिवशी बाबा विहिरीवर गेले असताना कॅमेरावाल्याने मूर्ती बादलीभर पाण्याने धुतली. काळा दगड उन्हात चमकावा, एवढाच त्याचा हेतू. पण गेरूचा चेहरा पाण्याबरोबर वाहून गेला.

बाबा परतले आणि ओल्या दगडासमोर उभे राहिले. मीरा रडू लागली.

"रडू नगं, पोरी. तिला पानी लई आवडायचं," एवढेच ते बोलले.

मीराने लॅपटॉपवर आदल्या दिवशीचे चित्रण लावले. यावरून पुन्हा काढता येईल, म्हणाली. बाबांनी पाहिले. म्हणाले, "हीच. पन बंद करा."

"अहो, हा कसला हट्ट?" मी म्हणाले. "वय काय तुमचं!"

"म्हनूनच, बाई. बघून काढली तर ती मला आठवत न्हाई असं झालं. मग ती खरीच गेली."

त्यानंतर ते रोज गेरू कालवत, रेघा काढत आणि ओल्या फडक्याने पुसत. मी डबा घेऊन गेले की विचारायची, "आल्या का तुळसाबाई?"

"हनुवटीपत्तुर आली," ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "आज रुसलीय."

शेवटी हात उचलेना, तरी दगडासमोर बसून राहत. तिथेच एका सकाळी ते गेले.

मूर्ती आता आपल्या ओसरीवर आहे. पदर, चुडा भरलेले हात, सगळे पूर्ण आहे. चेहऱ्याच्या जागी सपाट दगड आहे. तुळसाबाईंचा चेहरा त्या फिल्ममध्ये आहे, थोडाच वेळ दिसतो.