दगडाला पंचामृत

सूर्यमालेतल्या सगळ्या टकरींतून वाचलेला एक दगड आमच्या जोगेश्वरीच्या घरात गणपतीसारखा दीड दिवस राहिला आणि कामातून गेला.

तो उल्कापाषाण प्रयोगशाळेचा. माझा प्रबंध अशाच दगडांवर. शनिवारी एका शाळेत व्याख्यान होतं, म्हणून सरांच्या वहीत सही करून मी तो शुक्रवारी संध्याकाळी घरी आणला. आवळ्याएवढा, काळपट, दिसायला अगदीच सामान्य. व्याख्यान नेहमीचंच. सूर्याभोवती धूळ होती, धुळीचे खडे झाले, खडे एकमेकांवर आदळत, चिकटत गेले आणि त्यांतून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ उभे राहिले. कोवळ्या पृथ्वीवर मंगळाएवढा एक गोळा आदळला, त्या ढिगाऱ्याचा चंद्र झाला. नंतरही दगडांचा मारा चालूच होता. आमचा दगड मात्र कुठल्याच ग्रहात गेला नाही. म्हणून त्यातले लोखंडाचे कण ग्रहाच्या गाभ्यात न बुडता जिथल्या तिथे राहिले, आणि ते गंजतात म्हणून त्याला पाणी वर्ज्य.

घरात माझं काम कुणी ऐकत नाही, ही माझी जुनी तक्रार. नवरा त्याला 'दगडधोंडे' म्हणतो. त्यामुळे शुक्रवारी मी मेथी निवडणाऱ्या सासूबाईंसमोर तालीम केली, भिंतीसमोर करावी तशी. 'हा दगड पृथ्वीपेक्षा जुना आहे' या वाक्यापाशी मी जरा नाटकी थांबते. पाण्याचं सांगायचं राहिलं. ते व्याख्यानात नव्हतंच.

रविवारी सकाळी बाजारातून आले, तर दगड देव्हाऱ्यात. हळदकुंकू लावलेला, डोक्यावर तुळस, खाली दूध-दह्याचं तळं.

"आई, काय केलंत हे?"

"अगं, तूच म्हणालीस ना, पृथ्वीच्या आधीचा आहे. मग घरात सगळ्यात वडीलधारा तोच की. त्याला पारोसा ठेवू?"

मला रडू येत होतं आणि रागही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं व्याख्यान मनावर घेतलं होतं, आणि माझ्याच प्रबंधाची वाट लागली होती.

सोमवारपर्यंत दगडावर तांबूस गंज चढला. सरांचा विश्वास उडाला तर पुढचे दगड मिळणार नव्हते. सरांनी भिंग लावून पाहिलं, चुकचुकले आणि स्वतःच म्हणाले, "आपली दमट हवा, दुसरं काय." मग कारण लिहायला वही पुढे केली.

मुंबईच्या हवेच्या नावावर काहीही खपतं. मीही खपवलं असतं. पण उद्या कुणाला त्या दगडात मध-दह्याचे अंश सापडले असते आणि अवकाशातल्या जीवसृष्टीचा शोध थेट आमच्या देव्हाऱ्यात लागला असता. मी लिहिलं, 'पंचामृत'.

सरांनी ते दोनदा वाचलं. तेव्हापासून मला दगड घरी नेता येत नाही, प्रबंधही रखडलाय.

सासूबाई अधूनमधून विचारतात, वडीलधारे पुन्हा कधी येणार. मी लवकरच म्हणते. खरं सांगायचा धीर होत नाही. व्याख्यानाची तालीम मात्र आता रिकाम्या हातानं करते, त्यांच्यासमोरच, आणि चंद्राच्या टकरीपाशी मी चुकले की त्या मेथी खाली ठेवून मला दुरुस्त करतात.