पॉजवर ठेवलेला डाव

चहा उतू जायला लागला म्हणून तिने पॉज दाबला. चौतिसावी स्टेज होती. तिचा पिवळा रणगाडा विटांच्या आड उभा, माझा हिरवा खाली पाखराशेजारी, आणि शत्रूचे दोन वरून यायचे बाकी. "कशाला हात लावू नका," म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. टीव्ही तेवढा बंद केला, त्यावर फडका टाकला. खालचा गेमचा डबा चालूच ठेवला, त्याचा लाल दिवा दिसत होता. आम्ही चहा प्यायलो. साखर जास्त झाली असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मग प्या की गप. विष तर न्हाई घातलं." तासाभराने तिच्या पाठीत कळ आली. पाटणहून कराडला नेईपर्यंत जीपमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दिवस मावळायच्या आत दवाखान्यातच वारली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. रणगाड्यांचा गेम. लोकांना वाटतं देवदर्शन तरी केलं असेल, निदान शेतातनं फिरून आले असतील. तर न्हाई. आणि तिने मला शेवटचं सांगितलेलं काम एवढंच, की कशाला हात लावू नका.

तो डाव आज नाही. माझ्याच हाताने गेला. कसा गेला ते सांगणार आहे, त्यासाठीच बसलोय लिहायला. पण आधी ती कोण होती ते कळू द्या, नाहीतर म्हणाल, म्हातारं एका पोरखेळासाठी गळा काढतंय.

मी कोयनेच्या प्रकल्पावर वायरमन होतो. शिक्षण सातवी. कोयनानगरच्या वसाहतीत आमची दोन खोल्यांची क्वार्टर, आणि त्या वसाहतीत तिला सगळे पॉजकाकी म्हणायचे. कारण ती गेममधलं ते एक बटन घेऊन सगळ्या संसारात फिरायची. दूध वर आलं की गॅसला म्हणायची, "पॉज." नळावर दोन बायका भांडायला लागल्या की ओले हात मध्ये घालायची, "पॉज करा गं दोघी. भाकरी थापून या, मग भांडा निवांत." भाकरी थापून परत भांडायला कोण येतंय? मी तापट माणूस. ताट ढकलायचो, भिंतीवर मूठ मारायचो. ती जवळ यायची आणि माझ्या मनगटावर अंगठा दाबायची, बटन दाबावं तसा. तेवढ्याने मी थांबायचो. का थांबायचो ते मला आजवर कळलेलं नाही.

तो टीव्ही गेम मी कराडच्या बाजारातून पोरासाठी आणला होता. एक डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. पोरगा अभ्यास सोडून त्यातच डोकं घालायला लागला तेव्हा तिने सगळं लोखंडी कपाटात कोंडलं आणि किल्ली कमरेला लावली. दहावीची परीक्षा झाल्यावर पोराने गेम मागितला. बाहेर काढला, लावला, आणि मायलेक खेळायला बसले. पोरगा तिसऱ्या स्टेजला मेला. ती एकटी पुढे गेली. पाच, सहा, आठ. पोरगा तोंड उघडं टाकून बघतोय. "आई, तू कवा शिकलीस ह्ये?"

"तू शाळंत गेल्यावर काय भिंतीकडं बघत बसू व्हय रं?"

म्हणजे वर्षभर दुपारची कपाट उघडून बाई खेळत होती. मलाही पत्ता नव्हता.

कॅसेट लागली नाही, पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा आल्या, की ती कॅसेट काढायची आणि तीन फुंकरा मारायची. दोन नाही, चार नाही. मग मांडीवर एकदा ठोकायची आणि परत बसवायची. माझ्या फुंकरीने ती कधी चालू झाली नाही. "तुमच्या फुंकरीत तंबाखू हाय," म्हणायची. वसाहतीतल्या पोरांच्या कॅसेटी बंद पडल्या की पोरं दारात यायची, काकी, फुंकर मारा. एखाद्याची दृष्ट काढावी तशी ती दारात उभी राहून फुंकायची.

आमच्याकडे जमीन हलायची. बाहेरच्याला नवल वाटतं, आम्हाला सवय होती. एका दुपारी चांगलंच हललं. फळीवरची भांडी खाली आली, मी "बाहेर चल" म्हणून ओरडत अंगणात गेलो. मागे बघतो तर ती नाही. मग आली, सावकाश, पदर सावरत. मी चिडलो. "मरायचं हाय का तुला?"

"पॉज करून यायला नको? बाविसावी हाय."

आणि हलायचं थांबल्यावर सगळी वसाहत झाडाखाली बसलेली असताना ही आत जाऊन खेळायला बसली.

मला खेळायला बसवलं ते पोरगा फौजेत गेल्यावर. त्या गेममध्ये खाली मधोमध एक पाखरू असतं, विटांच्या घरट्यात. शत्रूचे रणगाडे वरून येतात, विटा फोडतात. पाखरू मेलं की डाव संपला, तुमचे जीव कितीही शिल्लक असू देत. ती वर लढायला जायची आणि मला खाली राखणीला ठेवायची. "तुमी हितंच बसा. हालू नका." मी हलायचो. घाबरून चारी बाजूंना गोळ्या मारायचो, आणि त्या गेमची खोड अशी की आपल्या गोळीनेही पाखरू मरतं. कितीतरी डाव मी असेच घालवले. शत्रू लांब राहिला आणि राखणदारानेच मारलं. ती रिमोट मांडीवर ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. "पोलीस पाटील केलं तर गावात सगळ्यात आधी तुमीच चोरी कराल." मग हसायची. चिडली कधीच नाही. पॉजचं बटन एकाच रिमोटला होतं, पहिल्या. तो कायम तिच्याकडे. माझ्या रिमोटला तशी सोयच नव्हती.

रिटायर झाल्यावर आम्ही पाटणला घर बांधलं. तिथे तिने मनावर घेतलं की पस्तीस स्टेजा पार करायच्या. पस्तीसच्या पुढे काय आहे ते तिला बघायचं होतं. पडद्यावर काहीतरी येत असेल, लग्नात येतं तसं बँडबाजा काहीतरी, असा तिचा अंदाज. पण त्या डब्याला वीज गेली की काही आठवत नाही. परत एकपासून. आणि आमचे डोळे, आमची बोटं. तास-दीड तासाच्या वर बसवत नव्हतं. म्हणून मी एका जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस आणला आणि त्याला जीपची बॅटरी जोडली. वीज गेली तर तो टी टी टी करून ओरडायचा, पण गेम रात्रभर जिवंत राहायचा. वायरमन माणसाने बायकोसाठी आयुष्यात काही केलं असेल तर एवढंच. तिला साडीपेक्षा त्याचं कौतुक. आल्यागेल्याला फडका उचलून दाखवायची, "ह्यांनी बनवलंय."

तो शेवटचा डाव चार दिवस चालला होता. रोज दुपारी थोडा. चौतिसावर आम्ही आधी कधीच पोचलो नव्हतो. एकच राहिली होती.

तिचे दिवस झाल्यावर मी डबा आणि कॅसेट पिशवीत घालून सांगलीला गेलो. तिथे एका बोळात शौकतभाई म्हणून माझ्याच वयाचा मिस्त्री आहे, रेडिओपासून सगळं उघडतो. त्याला म्हणालो, ह्यातला डाव परत काढून दे.

"मामा, ह्याला मेमरीच न्हाई. वीज गेली की गेलं."

"उघडून बघ की."

"उघडून काय दिसनार हाय?"

"तू उघड."

त्याने उघडला. हिरव्या पट्टीवर चार काळे तुकडे. दोघेही बघत बसलो. मग त्याने कॅसेटच्या पिना उन्हात धरल्या. "फुंकरा मारल्यात न्हवं? तोंडाची वाफ बसून गंज धरलाय. सगळ्यांनी ह्येच केलं. फुंकरीनं कायबी होत न्हवतं, मामा. काढून घातली की आपोआप लागायची." आणि त्याने खोडरबर घेतलं, पिना घासायला. मी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

"मग चालायची न्हाई ही."

"न्हाई चालली तर न्हाई."

 शहाणा माणूस, त्याने रबर खाली ठेवलं. मग मला बरं वाटावं म्हणून खिशातून मोबाईल काढून दाखवला. तेच रणगाडे, तेच पाखरू. आता सगळे जुने गेम मोबाईलवर मिळतात, म्हणाला, टीव्हीला लावायचे छोटे डबेही मिळतात. पाहिजे तिथे डाव थांबवायचा, सेव्ह करायचा, बंद करून ठेवायचा. दहा वर्षांनी उघडला तरी तिथेच.

"कवापासनं मिळतंय ह्ये?"

"झाली की लय वर्सं."

म्हणजे आम्ही जीपची बॅटरी लावून बसलो होतो तेव्हाही होतं. कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.  उठताना विचारलं, पस्तीसच्या पुढं काय हाय?

"परत पहिली. त्या गेमला शेवट न्हाई मामा. फिरून फिरून तेच."

हे ऐकून ती काय म्हणाली असती? तिचं प्रत्येक उत्तर मला आधी कळायचं. हे कळत नाही. एसटीत कराडपर्यंत तेवढाच विचार करत आलो, तरी नाही कळलं.

पोरगा सुट्टीवर आला तेव्हा तसला छोटा डबा घेऊन आला. "आण्णा, खेळत खेळत परत चौतीसपातूर जावा. तिथं सेव्ह करून ठिवू." मला पटलं. तेव्हापासून रोज बसतो. दोघांचा डाव लावतो. पहिला रिमोट तिच्या चटईवर ठेवतो आणि मी दुसरा घेतो, माझा. पिवळा रणगाडा जागेवर उभा राहतो. शत्रू येतात, त्याला मारतात. परत येतो, परत उभा राहतो. तीन जीव असेच उभ्या उभ्या जातात. मी वाचवायला धावतो तर माझी गोळी त्याला लागते आणि तो थिजून लुकलुकतो. मग मी एकटा. अकराव्या स्टेजच्या पुढे मी गेलेलो नाही. बोटं चुकतात. चौतीस या जन्मात व्हायचं नाही हे मला माहीत आहे. तरी बसतो, कारण न बसून काय करू?

एकदा पोरगा म्हणाला, मी आईचा घेतो. घेतला. तो भराभर वर गेला, धडाधड मारायला लागला. मी ओरडलो, "तसं न्हाई! ती आधी विटांच्या आड थांबायची." त्याने रिमोट चटईवर ठेवला आणि परड्यात जाऊन उभा राहिला. फौजी माणूस, पाठमोरा रडत होता. मला उठून जाऊन त्याच्या मनगटावर अंगठा दाबायला हवा होता. मी बसून राहिलो.

आता ती सकाळ.

तिला कराडहून घरी आणलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पोरगा सरहद्दीवर, त्याला यायला दोन दिवस. तोवर ठेवायचं म्हणून भावकीतल्यांनी विजेवर चालणारी थंड पेटी आणली. बाहेरच्या खोलीत जागा केली. चुलतभाऊ पेटीची वायर हातात घेऊन म्हणाला, "नाना, मोठा प्लग कुठं हाय?"

त्या खोलीत मोठा प्लग एकच, आणि त्यात माझा यूपीएस. मी पुढे झालो. टीव्हीवर तिने टाकलेला फडका तसाच होता, खाली लाल दिवा तसाच. मी यूपीएसची पिन ओढली आणि पेटीची लावली. पेटी घरघरायला लागली. आणि यूपीएस ओरडायला लागला. टी टी टी.

बायका रडायच्या थांबल्या. आवाज कुठून येतोय ते सगळे शोधायला लागले.

त्याला जीपची बॅटरी जोडलेली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत पुरली असती. उचलून चुलीच्या खोलीत नेऊन ठेवला असता, तिथल्या प्लगला लावला असता, तरी झालं असतं. सगळी हयात लोकांच्या घरात वायरी ओढण्यात गेली, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण मला लाज वाटली. बायकोचं मढं दारात आणि म्हातारा गेम सांभाळत बसलाय, म्हणतील.

"कसला आवाज हाय त्यो, नाना?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "जुना डबा हाय." आणि यूपीएसचं बटन दाबलं.

लाल दिवा गेला.

"आता बरं झालं," कुणीतरी म्हणालं, आणि बायका परत रडायला लागल्या.